मताची मुदत

माझे म्हणावेत असे दिवसातले दोन तास माझ्याकडे होते. दुपारची जेवणं आटोपून ओटा पुसला आणि आमचे हे परत नगरच्या एमआयडीसीत, नागापूरला कंपनीत गेले, की तिथपासून चहाच्या वेळेपर्यंत. त्या वेळात मी पलंगाच्या कडेला टेकून मोबाईलवर लिहायची. लग्न होऊन आले तेव्हापासून त्या तासांवर कुणी ना कुणी हक्क सांगत आलं होतं. आधी सासूबाईंची औषधं, मग मुलीचा अभ्यास, मग पाहुणेरावळे. मुलगी पुण्याला नोकरीला गेली तेव्हा कुठे ते माझ्या हाती लागले. पुढे जे झालं ते ऐकून लोकांना वाटतं, ही बाई कॉईन गेलं म्हणून रडतेय. कॉईन गेलं खड्ड्यात! मी रडते ती त्या दोन तासांसाठी.

लिहायची जागा मुलीनंच दाखवली होती. फेसबुकसारखंच, पण जरा वेगळं. आपण काही लिहायचं, वाचणाऱ्यांनी त्याला मत द्यायचं, आणि मतं पडली की त्या साइटचं स्वतःचं कॉईन आपल्या खात्यात जमा व्हायचं. हातात धरायचं नाणं नाही, नुसता आकडा. "आई, हे ब्लॉकचेनवर असतं," ती म्हणाली. "जगभरातल्या कितीतरी कॉम्प्युटरांवर एकाच वेळी नोंद होते. एकदा लिहिलं की ते कुणालाच पुसता येत नाही." मला तेवढंच कळलं आणि तेवढंच आवडलं. आमच्या घरात बाईचं बोलणं या कानातून त्या कानात जातं आणि तिथून थेट मोरीत. इथं म्हणे पुसताच येत नाही!

आणखी एक नियम होता. लिहिल्यापासून सात दिवसांच्या आतच मत देता यायचं. आठव्या दिवसापासून लेख तिथंच राहायचा, ज्याला हवा त्यानं वाचावा, पण मत घेणं बंद. मला तो नियम तेव्हा बरा वाटला होता. शिळ्या कढीला ऊत कशाला आणायचा, म्हटलं.

मी लिहायची ते काही मोठं नव्हे. गॅसच्या रांगेतली भांडणं. श्रीगोंद्याजवळच्या आमच्या गावी साखर कारखाना सुरू झाला की दोरीवरच्या धुण्यावर पडणारी काळी राख. सासूबाईंची शिपी आमटी, जी त्यांनी मला दहादा शिकवली आणि मला एकदाही त्यांच्यासारखी जमली नाही. वाचणारे मोजकेच होते. नांदेडची एक शिक्षिका, बेळगावचे एक निवृत्त पोस्टमन, दुबईत नोकरी करणारी एक नर्स. एखाद्या दिवशी मी लिहिलं नाही तर शिक्षिका विचारायची, "ताई, बरं आहे ना?" या जगात माझी कुणी तरी वाट बघतं, हे मला त्या वयात पहिल्यांदा कळलं. खोटं कशाला सांगू, मी त्यानं अगदी सुखावून जायची.

घरातलं मात्र कुणी वाचत नव्हतं. मुलगी म्हणायची, "वाचते गं सुट्टीत." आणि हे म्हणायचे, "आटपला का टाइमपास?"

मग यांच्या कंपनीतला विभाग बंद झाला. पन्नाशीत पुन्हा कुणाच्या दारात उभं राहायला नको म्हणून यांनी नागापुरातच बेअरिंग, बेल्ट, नटबोल्टचं दुकान टाकलं. दुपारी कारखान्यांमधून फिरून माल पोचवावा लागायचा आणि तेवढा वेळ गल्ल्यावर माणूस पाहिजे होतं. एक दिवस जेवता जेवता म्हणाले, "तूच बसत जा की. दुपारी घरी काय करतेस?"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "लिहिते."

"अगं, पण त्या लिहिण्याचा उपयोग काय, ते तरी सांग."

  मी ताटं उचलली आणि मोरीत आदळली.

त्याच आठवड्यात ती बातमी आली. अशी कॉईन जिथं विकली-घेतली जातात त्याला एक्स्चेंज म्हणतात. आमच्याकडच्या माणसाला सांगायचं तर बाजार समिती समजा. कांदा कितीही चांगला असो, समितीच्या आवारात गेल्याशिवाय त्याचा लिलाव होत नाही. आमचं कॉईन अजून कुठल्याच मोठ्या आवारात गेलेलं नव्हतं. तर एका मोठ्या एक्स्चेंजनं जाहीर केलं की पाच-सहा कॉईनमधून एक आम्ही घेणार, आणि ते लोकांच्या मतावर ठरणार. फोन नंबर टाकून खातं उघडायचं, आपल्या कॉईनपुढचं बटण दाबायचं, झालं. आमच्या साइटवाल्यांनी तर सांगितलं की लिस्टिंग झालं, म्हणजे त्या आवारात कॉईनला जागा मिळाली, की वेगवेगळ्या भाषांचे विभाग सुरू करू, आणि मराठी विभाग बघायला त्यांनी मलाच विचारलं.

मी हे यांना सांगितलं. यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. माणूस वाईट नाही हो, थकलेला आहे. म्हणाले, "ठीक आहे. ते लिस्टिंग का काय ते झालं, तर मी दुकानात पोरगा ठेवतो, तुझी दुपार तुला. नाही झालं तर तू बसायचं. आणि मग तोंड वाकडं करायचं नाही."

"नाही करणार," मी म्हटलं.

इथवर सगळं ठीक होतं. मग आमचे भावजी आले.

भावजी म्हणजे यांचे धाकटे भाऊ, गावी शेती बघतात. शेती बघतात असं म्हणायचं, पण त्यांचा खरा जीव निवडणुकीत. सोसायटी असो, दूध संघ असो, कारखाना असो, पॅनल कुणाचंही असलं तरी मतदार गोळा करायला भावजीच लागतात. कुणाची म्हातारी कुठल्या लेकीकडं गेली आहे, कोण रुसलंय, कुणाला आदल्या दिवशीच घरातून उचलून आणायचं, हे सगळं त्यांना तोंडपाठ. त्या दिवशी वांग्यांची पिशवी घेऊन आले होते. मी चहा टाकता टाकता सहज मतदानाचं बोलले आणि त्यांचे डोळे लकाकले.

"वोटिंग हाय? मग वहिनी, तुमी आता घोर सोडा. इतकं दिस दुसऱ्याची पॅनलं निवडून आनली, आपल्या घरचं एक आनू की!"

मी म्हटलं, "भावजी, हे तसं नाही. इंटरनेटवर आहे."

"मत त्ये मत. पेटीत टाका न्हाईतर मोबाईलात टाका. मानूस आनावं लागतंच ना?"

 माणूस आणावं लागतं, हे खरंच होतं.

पुढच्या रविवारी आम्ही गावी गेलो तर दारात मांडव! भावजींनी रीतसर नारळ फोडला होता. दोन टेम्पो वाड्या-वस्त्यांवर फिरत होते, एकात बायका, एकात पुरुष. पडवीत बुंदी आणि शेवेची पाकिटं भरून ठेवलेली. कोपऱ्यात गुलालाची पिशवीसुद्धा. मी कपाळाला हात लावला, पण हसूही आवरेना. चुलत सासूबाई काठी टेकत आल्या आणि माझा हात धरून म्हणाल्या, "तू उभी हायेस व्हय गं?"

"मी नाही आत्याबाई, कॉईन उभं आहे."

"असू दे. चिन्ह काय?"

"पीस आहे, मोराचं."

"मोराचं पीस. ध्यानात ठिवते," असं म्हणून त्या रांगेत जाऊन बसल्या.

भावजी मधोमध खुर्ची टाकून बसले होते, हातात त्यांचा नवा मोबाईल. माणूस यायचा, आपला नंबर सांगायचा, त्याच्या डबड्या फोनवर आलेला ओटीपी वाचून दाखवायचा. भावजी आपल्या मोबाईलवर त्याचं खातं उघडायचे, मोराच्या पिसापुढचं बटण दाबायचे आणि "पुढचा!" म्हणून ओरडायचे. मी म्हटलं, "भावजी, ज्याचं त्याला दाबू द्या ना. निदान ज्यांच्याकडे चांगले मोबाईल आहेत त्यांना तरी."

त्यांनी मान हलवली. "वहिनी, त्यांच्या हातात दिलं की बोट भलतीकडं पडतंय. न्हाईतर कोन येळेवर फुटतंय. आजवर माझ्या हातनं एक मत बाद झालं न्हाई, इचारा कुनालाबी."

ते खरंच होतं. बाद मत म्हणजे भावजींना घराण्याला लागलेला डाग वाटतो. एका यंत्रावरून एकच मत, असा नियम त्या एक्स्चेंजच्या पानावर तळाशी बारीक इंग्रजीत कुठं तरी होता, पण तो त्यांना कुठून कळणार? मलाही ठाऊक नव्हता. त्यात सगळं चाललेलं घरच्या एकाच वायफायवर.

आणि त्या दिवशी मला फार बरं वाटत होतं, हेही सांगून टाकते. लग्नानंतर पहिल्यांदाच माझ्या कामासाठी इतकी माणसं जमली होती. जावा-नणंदांना मी बुंदी वाढत होते, त्या "आमच्या नगरच्या वहिनी" म्हणून दुसऱ्या बायकांना माझी ओळख करून देत होत्या. हेसुद्धा मांडवात उभं राहून पाणी देत होते. संध्याकाळपर्यंत आमचं कॉईन यादीत सगळ्यात वर गेलं. भावजी गुलाल उधळायलाच निघाले होते, मीच अडवलं. निकाल लागू द्या, म्हटलं. मग त्यांनी ती पिशवी माझ्याबरोबर नगरला पाठवली. "निकालाच्या दिवशी दुकानासमोर उधळा," म्हणाले.

निकालाच्या आधीच मुलीचा फोन आला. मी कणीक मळत होते.

"आई, तुम्ही काय केलंत गावाला?"

मग तिनं सगळं सांगितलं. एक्स्चेंजच्या यंत्रानं पकडलं होतं. एक मोबाईल, एक वायफाय, आणि रांगेनं पडत गेलेली मतं. सगळी बाद. तेवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण खोटं मतदान केलं म्हणून त्यांनी आमचं कॉईनच यादीतून काढून टाकलं. म्हणजे बेळगावच्या पोस्टमनकाकांनी, दुबईच्या नर्सबाईनं, कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांनी सरळपणानं दिलेली मतंही गेली. करायला गेलो एक आणि झालं भलतंच.

मतं श्रीगोंद्याजवळची निघाली, आणि तिथलं लिहिणारी मी एकटीच, म्हणून साइटवरचे लोक माझ्यावर तुटून पडले. तिथं ज्याच्याकडे कॉईन जास्त त्याच्या मताला वजन जास्त, आणि मत उलटंही देता येतं. बड्या खातेवाल्यांनी माझ्या ताज्या लेखांना अशी उलटी मतं दिली की माझ्या नावापुढचा, माझी पत दाखवणारा आकडा शून्याच्याही खाली गेला. तो एकदा खाली गेला की त्या माणसाचं जुनं-नवं सगळं लिहिणं झाकलं जातं. पुसता येत नाही ना, म्हणून झाकतात. लेखाच्या जागी राखाडी पट्टी येते, 'हे लिखाण लपवलेले आहे', आणि बाजूला बारीकसं 'दाखवा'.

मी माफी मागणारा लेख लिहिला. तोही पट्टीखाली गेला. नांदेडच्या शिक्षिकेनं तेवढा शोधून वाचला आणि खाली एकच ओळ लिहिली, "ताई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

ती ओळ मला फार लागली. तिला कसं समजावू? बाई गं, खोटं काहीच नव्हतं! माणसं खरी होती, त्यांचे फोन नंबर खरे होते, त्यांनी खाल्लेली बुंदी खरी होती. आत्याबाई तर मोराचं पीस घोकत बसल्या होत्या. आमच्याकडे मतदान असंच होतं, इतकाच काय तो गुन्हा. पण हे लिहून सांगायची माझ्यात ताकदच उरली नाही. मी मोबाईल उशीखाली सारला आणि पोटभर रडून घेतलं.

हे काही बोलले नाहीत. बोलले असते तर भांडता तरी आलं असतं. रात्री जेवण झाल्यावर दुकानाची दुसरी किल्ली फ्रिजवर माझ्या पर्सशेजारी ठेवली आणि म्हणाले, "उद्यापासून ये. पंखा लावून घेतलाय."

मी तोंड वाकडं केलं नाही. शब्द दिला होता.

तेव्हापासून मी दुपारी नागापुरात बसते. समोरून ट्रक जातात, धूळ आत येते, मी पुसते, पुन्हा येते. बेअरिंगचे नंबर आता मला ओळखू येतात. गिऱ्हाईक नसतं तेव्हा लिहावं, असं सुरुवातीला मनात यायचं. पण दोन ओळी झाल्या की कुणी तरी दारात उभं राहायचं, "बी-फिफ्टी टू बेल्ट आहे का?" मग ती ओळ परत सापडायची नाही. हळूहळू मी मोबाईल काढायचाच बंद केला. दमायला होतं. काम फार नसतं, तरी दमायला होतं.

भावजींनी बरेच दिवस तोंड दाखवलं नाही. मग एका दुपारी पंपाचं बेअरिंग पाहिजे म्हणून आले. श्रीगोंद्यात का बेअरिंग मिळत नाही?  मी बेअरिंग काढून दिलं, स्टूल पुढं केलं. ते टेकले. काउंटरखाली गुलालाची पिशवी तशीच पडली होती, तिच्यावर त्यांची नजर गेली.

"अजून ठिवलाय व्हय?"

"टाकून कुठं देऊ?"

त्यांनी हातातलं बेअरिंग फिरवून बघितलं. मग म्हणाले, "वहिनी, माझ्यामुळं लई वाईट झालं. जन्मात एक मत बाद झालं न्हवतं, अन् झाली ती समदीच. तीबी घरची."

"जाऊ द्या भावजी. तुम्ही चांगल्यासाठीच केलंत."

"व्हय, पन..." ते जरा अडखळले. "एक इचारू का? त्यात तुमी लिव्हलं काय हुतं?"

 दोन टेम्पो माणसं आली, मांडव पडला, बुंदी वाटली, आणि त्या सगळ्या गर्दीत हा प्रश्न एकालाही पडला नव्हता. यांनाही नाही. मला राग आला, आणि दुसऱ्याच क्षणी त्या रागाचाही कंटाळा आला. मी मोबाईल काढला, माझं पान उघडलं आणि त्यांच्या हातात दिला. "वाचा. जिथं 'दाखवा' लिहिलंय तिथं दाबा."

त्यांनी खाली सरकवत नेलं, एका पट्टीवर बोट ठेवलं आणि दाबलं. नेमका घोडेगावच्या बैलबाजाराचा लेख उघडला.

तो मी साइटवर आले त्या पहिल्या वर्षी लिहिलेला. मी नवी नवरी होते तेव्हाची गोष्ट. घरी ट्रॅक्टर आला म्हणून पांढरा बैल विकायचा ठरला, आणि त्याला घोडेगावला घेऊन गेले ते भावजी. तेव्हा त्यांना नुकती मिसरूड फुटली होती. आमच्यात जनावर विकलं तरी दावं देत नाहीत, ते घरी आणायचं असतं. संध्याकाळी ते दावं खांद्यावर टाकून आले, खुंटीला अडकवलं आणि न जेवताच झोपले. सकाळी मी चूल पेटवायला उठले, तर भावजी वैरणीचा भारा घेऊन रिकाम्या दावणीपुढं उभे. सवयीनं गेले असणार. मग त्यांच्या लक्षात आलं. भारा तसाच हातात धरून किती तरी वेळ उभे राहिले, आणि मग एकटेच रडले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं होतं आणि कुणालाच सांगितलं नव्हतं.

भावजींना मनात वाचता येत नाही, ते मोठ्यानंच वाचतात. एकेका शब्दावर बोट ठेवत, सभेत ठराव वाचावा तसं त्यांनी सुरू केलं. दावं खुंटीला अडकवल्याच्या जागेपर्यंत आले आणि आवाज बारीक झाला. पुढचं त्यांनी ओठातल्या ओठात वाचलं. बाहेर ट्रक मागे घेताना टीं टीं वाजत होता. मी उगाच नटांचा डबा पुसायला घेतला.

"मला वाटलं, कुनी पाह्यलं न्हाई," ते म्हणाले. टोपीनं डोळे पुसले. "घरात कुनाला म्हाईत न्हाई ह्ये. बायकोलाबी न्हाई."

"आता नांदेडच्या बाईंना माहीत आहे," मी म्हटलं. ते ओलसर डोळ्यांनीच हसले, मीही हसले.

मग त्यांनी पुन्हा मोबाईल हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, वरखाली केला. "ह्याला मत कुठनं द्यायचं? मला खातं काढून द्या. माझं मी दाबतो, माझ्याच मोबाईलवरनं."

"आता नाही देता येत भावजी. सात दिवसांची मुदत असते. ती कधीच संपली."

"म्हंजी बादच?"

"बाद नाही. नुसतं वाचता येतं."

त्यांचा चेहरा पडला. निवडणुकीत हरल्यावरसुद्धा मी त्यांना तसं बघितलं नव्हतं. मग एकदम काही सुचल्यासारखे ताठ बसले. "मग नवं लिवा की वहिनी! आजच लिवा. सात दिसाच्या आत, पयलं मत माझं. वाचून दीन, आईच्यान!"

तेवढ्यात एक गिऱ्हाईक दारात आलं. मी डबा खाली ठेवून उठले.

"कधी लिहू?" मी म्हटलं. "दुपारी दुकान असतं ना."

 मोबाईल भावजींनी हलकेच काउंटरवर ठेवला आणि गिऱ्हाइकाला जागा द्यायला स्टुलावरून उठून बाजूला झाले.